खंड्याचं ताट : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

५ जानेवारी २०२५, रविवार

वाद आईने काढला : आमच्या कुत्र्याला, खंड्याला, जेवणात बदल लागतो का. "रोज रोज तेच घातलं तर त्याला वीट नाही का येणार रे?" मी म्हटलं, त्यालाच विचारू. तो बोलत नाही, म्हणून मोजू. कुपवाड एमआयडीसीत सोळा वर्षं इन्स्पेक्शनला काढल्यावर एवढी खोड लागतेच. बायकोने वही बघितली आणि काही न बोलता आत गेली.

जॉब (म्हणजे तपासायचा नग) : खंड्या. गावठी, नर, नसबंदी झालेली, वय चारेक वर्षं.

वजन काढायची रीत : त्याला उचलून मी काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, मग वजाबाकी. काट्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात लहान माप, १०० ग्रॅम. पण उचललं की तो तोंड चाटायला लागतो आणि आकडा हलतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी. आज १७.२ किलो. बरगड्या लागतात, पण चाचपडून शोधाव्या लागतात.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. वाटीत काय पडलं, संपवायला किती मिनिटं लागली, शी कशी झाली (१ म्हणजे दगड, ७ म्हणजे पाणी, २-३ उत्तम) आणि खाजवतो का, एवढंच लिहायचं.

९ जानेवारी, गुरुवार

आज दही-भात. का, तर गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी आणि सोमवारी घरात मांसाहार शिजत नाही, चतुर्थी-एकादशी वेगळ्याच. रविवारी चिकन, सोमवारी वरण-भात, मंगळवारी रविवारचं उरलेलं, बुधवारी अंडं-भात, आज दही-भात, शुक्रवारी भाकरी कुस्करून दूध, शनिवारी जे हाताला लागेल ते.

म्हणजे आई ज्याला "बदल" म्हणते तो खंड्यासाठी कुणी ठरवलेलाच नाही. ते आमचं पंचांग आहे, आणि तो बिचारा ते पाळतोय.

१५ जानेवारी, बुधवार

परवा भोगी, काल संक्रांत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्यासकट त्याच्या पोटात गेली. काल गुळाची पोळी, अर्धी, कुणी दिली ते कळलं नाही. घरात चार माणसं आणि चौघांचाही हात वर नाही. आज शी ५.

१९ जानेवारी, रविवार

वजन १७.३.

दोन आठवड्यांचं सगळं एक्सेलमध्ये टाकलं. आडव्या ओळीत वार, उभ्या रकान्यात कॅलरी, प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस. या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. किमान प्रमाण अमेरिकेतल्या एएएफसीओ या संस्थेच्या मानकातून घेतलं, पशुखाद्याच्या पाकिटांवर त्याच मानकाचा हवाला असतो. आता आमचे आकडे. चिकन-भाताच्या दिवशी ७० सुद्धा भरत नाही. वरण-भाताला जेमतेम तेवढंच. दही-भाताला दोनशेच्या आसपास. दूध-भाकरीला त्याहून बरं, पण निम्म्याच्याही खाली. सातही दिवस लाल.

मला वाटत होतं की एका दिवशी जे कमी पडतं ते दुसऱ्या दिवशी भरून निघत असेल. बदल करण्यामागचा आपला सगळ्यांचा हिशोब हाच असतो. पण सातही पदार्थ एकाच बाबतीत लंगडे असतील तर फिरवून काय उपयोग? सात मशीनचं सेटिंग एकाच बाजूला चुकलेलं असताना जॉब मशीन बदलून काढण्यातला प्रकार.

हे माझ्या एकट्याच्या वहीत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या, काही तर डॉक्टरांनीच लिहिलेल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. मला जास्त लागला तो त्यांचा पुढचा मुद्दा. आलटून-पालटून दिल्या तरी भागेलच असं नाही, कारण बऱ्याच पाककृतींत उणिवा त्याच त्याच होत्या.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे पण तो रोज गॅलरीत ऊन खातो की." खातो खरा, दहा ते साडेअकरा, कूस बदलून बदलून. पण कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्यासारखं नाही ते. त्याला ते जेवणातूनच मिळावं लागतं. ऊन खाऊन त्याचं पोट भरत नाही, कुठल्याच अर्थाने.

२१ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे वहीसकट गेलो. त्यांनी वही चाळली आणि हसले नाहीत, याबद्दल आभारी आहे.

वजन उतरून १६ वर यायला हवं म्हणाले, म्हणून हिशोबही १६ किलोचा. सूत्र असं : वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. कॅल्क्युलेटर काढायला गेलो तर म्हणाले, सोळाला नको. सोळाचं वर्गमूळ चार, चाराचं दोन, दोनाचा घन आठ. आठ गुणिले सत्तर, ५६०. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्यासाठी गुणिले १.६. म्हणजे ८९६ कॅलरी. खंड्याचं आदर्श वजन पंधरा नाही, सतरा नाही, सोळा आहे, याचा मला उगाचच आनंद झाला.

मग रोजचं ताट ठरलं. शिजलेलं चिकन २५० ग्रॅम, भात २३०, उकडलेला लाल भोपळा ५०, एक छोटा चमचा तेल. अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड सपाट अर्धा चमचा, म्हणजे हजारेक मिलिग्रॅम कॅल्शियम. जस्त, ड, ई वगैरेसाठी त्यांनी एक पावडर लिहून दिली. हे सगळं खंड्यापुरतं, दुसऱ्याच्या कुत्र्याला हाच कागद देऊ नका, असं दोनदा बजावलं.

मी मूळ प्रश्न विचारला. बदल लागतो का? म्हणाले, "ताट पुरं असेल तर नाही लागत. पुरं नसेल तर बदलाने ते पुरं होईल असं समजू नका." आणि एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. उद्या याला अन्नाची ॲलर्जी झाली तर तिच्यासाठी रक्ताची खात्रीची तपासणी नाही. आठेक आठवडे त्याने आयुष्यात कधीच न खाल्लेलं एखादं प्रथिन घालून बघावं लागतं. आधीच सगळं चाखवून ठेवलं असेल तर डॉक्टरांच्या हातात उरतं काय? कुत्र्यांत ॲलर्जी जास्त करून गोमांस, दूध-दुभतं आणि चिकनची निघते. म्हणजे एक तरी प्रथिन शिल्लक ठेवा.

मटणाची नळी तो तीन वर्षांपासून फोडतोय, ते गेलं. (शिजलेल्या हाडाचे सुळके होतात, त्यावरूनही ऐकून घेतलं.) उरले मासे. सांगलीत आमच्या घरी मासे वर्षातून एकदा येतात, तेव्हा हे पाळणं सोपं आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

नऊ दिवसांत हळूहळू नव्या ताटावर आणलं. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. आतड्यातल्या जिवाणूंनाही शिफ्ट बदलायला वेळ लागतो. शी ३, मग ३, मग २. आजपासून पूर्ण तेच.

गुरुवारचा प्रश्न असा सुटला : रविवारी आठवड्याचं एकदम शिजवायचं, डबे भरून फ्रीजरमध्ये. गुरुवारी चिकन *शिजवायचं* नाही यावर आई ठाम, पण आधीच शिजलेलं गॅलरीत नेऊन घालायला तिची हरकत नाही. दत्त महाराजही समजून घेतील म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळची वाटी अर्धी राहिली. संपवायला नेहमी दोन मिनिटं, आज अकरा मिनिटांनी उठून निघून गेला. आई काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघून भांडी घासायला लागली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सलग तिसरा दिवस. सकाळची वाटी लखलखीत, संध्याकाळची अर्धी. आई : "आता लिही तुझ्या वहीत."

लिहिलं. पण वीट आला असेल तर सकाळीही यायला हवा. एकच ऑपरेटर, एकच मटेरियल, आणि रिजेक्शन फक्त सेकंड शिफ्टला? मग दोन शिफ्टच्या मधे काय घडतंय ते बघायला हवं.

९ फेब्रुवारी, रविवार

वजन १७.१. तीन आठवड्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम कमी. हिशोबाने जास्त उतरायला हवं होतं.

रूट कॉज सापडलं. साडेपाच ते सहा या वेळात खंड्या शेजारच्या काकूंच्या दारात बसलेला असतो. मी जिन्यात उभा राहून बघितलं. आठ ग्लुकोज बिस्किटं. एकेक करून, चहात बुडवून. शंभर ग्रॅम बिस्किटात साधारण ४५० कॅलरी, म्हणजे ही आठ बिस्किटं दोनशेच्या घरात. दिवसाच्या खाण्यातला जवळपास पाव हिस्सा, तोही साखर-मैद्यात. वरून चहा, तो तर कुत्र्याला नकोच.

"काकू, किती दिवस देताय?"

"अरे, तो येऊन बसतो दारात. तोंडाकडे बघवत नाही रे. आणि हल्ली तुम्ही त्याला रोज एकच घालताय म्हणे."

म्हणजे माझ्याच ट्रायलची बातमी फुटून दया वाढली होती. आधी चार बिस्किटं होती, प्रयोग सुरू झाल्यावर आठ झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकूंनी तीन दिवस बिस्किटं बंद ठेवली. संध्याकाळची वाटी तीन मिनिटांत साफ. पण आज सकाळी उलटंच, हुंगून मागे सरला. डबा रात्री फ्रीजरमधून खाली काढायचा राहिला होता. सकाळी घाईत थंडगारच वाटीत ओतला. तोच घास गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केला आणि परत ठेवला. दीड मिनिट.

कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सतराशेच्या आसपास, आपल्या नऊ हजारांच्या. तो जेवतो नाकाने, आणि गार अन्नाला वास फारसा नसतो. "कंटाळला" म्हणून लोक जेव्हा पदार्थ बदलतात तेव्हा नवा पदार्थ ताजा, गरम असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. नव्याचं श्रेय आचेला जायला हवं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कॅन्टीनमध्ये विषय निघाला (मीच काढला). टूलरूममधला एकजण म्हणाला, लांडगा काय रोज भात खातो का? नाही खात. पण कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवलंय, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षं काढल्याची पावती ती.

आणि लांडगा तरी कुठे रोज वेगळं खातो? आपल्या सोलापूरकडच्या माळावरचा लांडगा घ्या. मिळालं तर काळवीट, नाहीतर शेळी-मेंढी. पण खातो ते जनावर कातडीपासून काळजापर्यंत. काळीज, रक्त, चरबी, कूर्चा, कोवळं हाड. सगळी विविधता एकाच जनावरात आलेली असते. आपण त्यातला फक्त बोनलेस तुकडा उचलतो आणि मग सोमवार-मंगळवार करत बसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

वजन १६.९.

मेहुण्याच्या मळ्यात खताला मेंढ्या बसवल्या होत्या. धनगर आटपाडीकडचे. तीन कुत्री, काटक, अंगावर तकाकी. मी आपला विचारत बसलो.

"यास्नी काय घालता?"

"भाकरी."

"रोज?"

"मग? आमी बी तीच खातो की."

मी खिशातून वही काढणारच होतो. मग तो सहज म्हणाला, मेंढी व्याली की वार यांच्याच तोंडात, एखादं कोकरू मेलं तर तेही, शिवाय उंदीर-घुशी त्यांची ती धरतात. म्हणजे त्यांच्या ताटातला माझा रकाना भरतो तो भाकरी सोडून इतर गोष्टींनी. तो माणूस मात्र ते जेवणात धरतच नव्हता. मी काकूंची बिस्किटं धरली नव्हती तसंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. घरात साबुदाणा, वरी, रताळं. खंड्याचा डबा ठरलेला.

रविवारपासून दोन वाट्यांची चाचणी चालू केली. एका वाटीत नेहमीचं, दुसरीत नवं (अंडं, ज्वारीच्या कण्या, गाजर). दोन्ही तीस-तीस ग्रॅम, दोन्ही कोमट, वाट्या सारख्या. पहिल्यांदा तोंड कुठे घालतो ते लिहायचं. नवं डावीकडे ठेवत होतो. तिन्ही दिवस नवं जिंकलं. आई खूश.

आज नवं उजवीकडे ठेवलं. साहेब सरळ डाव्या वाटीकडे. तो दारातून येतो आणि डावी वाटी दाराजवळ आहे, एवढाच काय तो मामला. फिक्स्चरची, म्हणजे मांडणीची चूक. तीन दिवसांची रीडिंग खोडली. उद्यापासून मुलगी त्याला बरोबर मधे धरून ठेवेल आणि बाजू रोज बदलेल.

८ मार्च, शनिवार

दहा दिवसांची नीट रीडिंग. पहिले पाच दिवस पाचही वेळा नवं, बाजू कुठलीही असो. सहाव्या-सातव्याला एक इकडे, एक तिकडे. आठव्यापासून काही फरक नाही. आज तर त्याने नेहमीचं आधी संपवलं.

तेव्हा आईचं अगदीच चूक नव्हतं. नव्या वासाला कुत्री धावतात, हे खरं आहे. पण तो ओढा टिकत नाही, आणि ओढा म्हणजे गरज नव्हे. मुलगी वहीत डोकावून म्हणाली, "बाबा, नव्याचे नऊ दिवस." मी परत मोजलं. नऊ भरत नाहीत, सातच भरतात. पण म्हण आकड्याला धरून बसत नाही.

९ मार्च, रविवार

वजन १६.६. शी गेला महिना २-३ वर स्थिर. खाजवणं नाही. पाठीवर चकाकी आलीय असं काकू म्हणतात. मी ते मोजलेलं नाही, म्हणून पुरावा धरत नाही.

आजपासून शेवटचा टप्पा : बदल, पण हिशोबातला. चिकन-अंड्याच्या बाहेर जायचं नाही. धान्य आठवड्याने बदलेल (भात, ज्वारी, नाचणी), भाजी तीन दिवसांनी (भोपळा, गाजर, दुधी). कॅलरी तेवढ्याच, टरफलाची पूड आणि पावडर तेवढीच.

१६ मार्च, रविवार

ट्रायल बिघडली. धुळवडीला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि पुरणपोळी, वर तूप. कुणीतरी दीड पोळी घातली. पाहुण्यांतल्या एकाने कटाच्या आमटीत भाकरी कुस्करून द्यायलाही घेतली होती, ती मी अक्षरशः हातातून काढून घेतली. आमच्या आमटीत कांदा-लसूण मसाला असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने तो धोका जात नाही. पाहुणा म्हणाला, "आमच्याकडचा तर रोज खातो." असेल.

१४ च्या रात्री शी ६, १५ ला ६, आज ४. उलटी नाही, सुस्ती नाही, म्हणून घरीच निभावलं. एवढं तूप एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना फोन मात्र करून ठेवला. दोन दिवस थोडा थोडा नुसता भात-चिकन. वजन आज लिहीत नाही, त्याला अर्थ नाही.

२३ मार्च, रविवार

वजन १६.४. गाडी रुळावर.

ज्वारीच्या आठवड्यात शी किंचित जास्त आणि घट्ट. वाटी संपवायला लागणारा वेळ एकसुरी महिन्यात सरासरी २ मिनिटं १० सेकंद (बिस्किटांचे दिवस वगळून), बदलाच्या दोन आठवड्यांत २ मिनिटं ५ सेकंद. पाच सेकंदांचा फरक माझ्या घड्याळाच्या बटणात आहे, कुत्र्यात नाही. बायकोने वही बघून विचारलं, "मग या पाच सेकंदांसाठी मी नाचणी दळून आणली?" हो.

मग पिशवीतलंच खाणं का घालत नाही, हेही तिने विचारलं. घालू शकतो. ज्या पाकिटावर प्रौढ कुत्र्यासाठी संपूर्ण आहार असं लिहिलंय ते जन्मभर तेच घातलं तरी चालतं, कुठलाही अपराध वाटून घ्यायचं कारण नाही. आमच्याकडे रविवारी पातेलं तसंही चढतंच, म्हणून हे.

एक गोष्ट मात्र बदलाच्या बाजूने लिहून ठेवतो. नाचणीच्या दिवशी खंड्याचं पोट बिघडलं नाही. उद्या आठ दिवस गावाला जायचं झालं, चिकन मिळालं नाही, डबे वितळले, तर तो अडून बसणार नाही. एवढ्यापुरता महिन्या-दोन महिन्यांनी धान्य-भाजीत फेर ठेवणार. रोज नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, वजन १६.३.

श्रीखंड सगळ्यांच्या पानात. आईने माझ्याकडे बघितलं, मग खंड्याच्या वाटीत त्याचंच कोमट चिकन-भात घातलं आणि वर उकडलेल्या गाजराची एक चकती ठेवली, मधोमध. सणाचं पान आहे म्हणाली. चकतीचं वजन चार ग्रॅम, मी आधीच धरलं होतं.

टरफलाची पूड संपत आलीय. पुढच्या आठवड्यात अंडी उकडायच्या आधी सांगायचं, टरफलं टाकू नका.

काकूंशी तोडगा निघाला. साडेपाचला तो दारात बसणार, त्यांना काहीतरी द्यायचंच, आणि दोघांच्याही सवयी मला मोडवत नाहीत. म्हणून त्याच्याच दिवसाच्या वाट्यातलं चाळीस ग्रॅम चिकन छोट्या डब्यात घालून त्यांच्याकडे द्यायचं. त्यांनी एकेक तुकडा करून भरवायचं. गुरुवारी चिकन नको म्हणाल्या, त्यांच्याकडेही गुरुवार असतो. गुरुवारी गाजर. उद्याचा डबा भरून ठेवलाय.